१९३० साली बाद झालेलं कफ सिरप

कॉम्प्युटरच्या कामात किस्से कुठले, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या शहरातल्या दौलतगंज बाजारात सहा महिने काढावेत. मी काढले. आता माधवगंजात घरी कोणी चहाला आलं की आई आधीच सांगून टाकते, "हिला औषधांचं काही विचारू नका, नाहीतर जेवूनच जावं लागेल."

तर झालं असं. औषधांच्या एका होलसेल दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम मला मिळालं. माझं पहिलंच स्वतंत्र काम, नुसती हवेत होते मी! सेठजींची अट एकच: खरमास लागायच्या आत नवं चालू झालं पाहिजे. खरमासात इकडे नवं काही सुरू करत नाहीत. उशीर झाला तर काम इंदूरच्या कंपनीला, आणि मी घरी.

जुनं सॉफ्टवेअर लिहिलं होतं तिथल्याच जाधवकाकांनी, ऐन तरुणपणी. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. काका अजून त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून बसायचे.

*

पहिल्याच आठवड्यात कफ सिरपचे खोके आले. एक्स्पायरी २०३०. सॉफ्टवेअर म्हणालं, माल १९३० साली बाद झालाय. सेठजी हबकले. "कंपनी ने दादाजी के ज़माने का माल भेज दिया क्या?"

काका कसनुसे हसले. वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले. तीसच्या आतले या शतकातले, तीस आणि पुढचे मागच्या शतकातले. "काका, तीसच का?" मी विचारलं.

"तेव्हा वाटलं, तीस साल बघायला कोण राहतंय! मी तर नाहीच."

"आणि आता?"

"आता राहीन असं दिसतंय, मंजिरी. बीपीची गोळी याच दुकानातली आहे ना."

*

गोदामातल्या रामसेवकजींनी यावर आपला इलाज आधीच शोधलेला होता. ३० आलं की सरळ २९ टाकायचं! "मैडम, दवाई एक साल पहले मर गई तो किसका क्या बिगड़ा?"

झालं. सगळे खोके उतरवून खरी तारीख बघणं आलं. ते शिडीवरून ओरडायचे, मी खाली लॅपटॉपवर टाइप करायचे. तरी मजा यायची, खोटं कशाला बोलू.

*

औषधावर बहुतेक वेळा नुसता महिना आणि वर्ष असतं. काकांच्या हिशेबी महिना लागला की एक तारखेलाच माल बाद. मी महिनाअखेर धरली. काका तापले. "तुझ्या या नव्या खेळण्याच्या तारखांवर माझा काडीचा भरवसा नाही!"

मी सरकारी नियम काढून दाखवला: छापलेला महिना संपेपर्यंत माल चालतो. काकांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक गोळीचा एक महिना मी खाल्ला?" त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी केलेले बेसनाचे लाडू माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "महिनाअखेरच ठेव."

*

सेठजींना मी मोठ्या हौसेने नवं कॅलेंडर दाखवलं. त्यांनी वरखाली करून बघितलं. "इसमें एकादशी कहाँ है?"

"नहीं है, सेठजी."

"तो फिर नया क्या है?"

मी मुकाट्याने वर्षभराच्या एकादश्या भरल्या.

*

मुहूर्त निघाला तो खरमासाच्या आदल्या दिवशीचा, सकाळी अकरा दहा ते अकरा तीस. बाहेर गल्ल्यावर पूजा चाललेली, आत जुना डेटा नव्यात चढत होता. आणि अकरा वाजता अडकला! कुठल्याशा बॅचवर तारीख होती एकतीस जून. जुन्यात चालून गेलेली, नव्याने साफ नकार दिला. ती नोंद कुठे दडलीय ते मला सापडेना. शेवटी काकांनीच शोधून दिली. डेटा पूर्ण चढला तेव्हा भिंतीवर आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातही अकरा चाळीस झाले होते.

मला रडूच येत होतं. तोंडावर पाणी मारून परतले, तर काका माझ्या खुर्चीवरून उठत होते.

तेवढ्यात सेठजी नारळ घेऊन आत आले. मोबाइल बाहेर पूजेपाशीच राहिलेला. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि चेहरा पडला. "मुहूर्त तो निकल गया."

काका शांतपणे म्हणाले, "सेठजी, वो घड़ी तो सेल पर चलती है. तारीख और टाइम अब से इसमें देखिए. इसीलिए तो बदलवाया है."

सेठजींनी वाकून स्क्रीनचा कोपरा बघितला. अकरा बावीस.

"देखा? पहले ही दिन काम आ गया," म्हणत त्यांनी नारळ फोडला.