चपला हातात

इथे परदेशात, सेम्बावांग उपनगरात, आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत कुणा चिनी कुटुंबाच्या मयताचा मंडप लागला, की वरच्या मजल्यावरच्या बाई चपला काढून, हातात घेऊनच पुढून जातात. ओळख ना पाळख, मग हे कशाला? एकदा लिफ्टमध्ये मी विचारलंच.

“अहो, फ्रान्सला शिकत होते तेव्हा देशभर दुखवटा होता. चौकात फुलं वाहताना मी सवयीने बूट काढले, तर एवढ्या थंडीत सगळे बघायला लागले! एका रडणाऱ्या आजीने विचारलं, ‘तुझं कोण गेलं?’”

“मग?”

“‘कुणी नाही’ म्हणवेना हो.”

काल मंडपातल्या आजोबांनी बाईंना थांबवून विचारलं, “माझ्या बायकोला ओळखायचात?”

बाईंनी चपला खाली ठेवून हात जोडले. आजोबांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि आपल्या शेजारची खुर्ची पुढे केली.