तळ्याचा पलीकडचा काठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. पोलिसांना तर नाहीच — त्यांना मी दुसरंच काही सांगितलं, आणि त्याबद्दलच हे लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा कागद फाडला.

मी एका गोल्फच्या मैदानावर ग्राउंड सुपरवायझर होतो. कात्रजच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. क्लबचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती. गोल्फ मी स्वतः कधी खेळलो नाही. गवत, माती आणि पाणी एवढंच माझं काम. पण बावीस वर्षं तेवढंच पाहिलं की खेळही कळायला लागतो. उन्हाळ्यात जमीन टणक होते, चेंडू पडला की उसळतो आणि उताराने धावत सुटतो. पावसाळ्यात तोच चेंडू त्याच जागी पडला तर काळ्या मातीत रुतून बसतो. आमच्या सातव्या होलला तर सगळा उतारच तळ्याकडे होता, पण वरून पाहणाऱ्याला जमीन सपाट वाटायची. नवा माणूस सरळ फटका मारायचा. चेंडू हिरवळीवर पडायचा, क्षणभर थांबल्यासारखं करायचा, आणि मग सावकाश डावीकडे वळून पाण्यात जायचा. एक जुने सभासद प्रत्येकाला ऐकवायचे, "तळं चेंडू खात नाही हो, आपणच भरवतो."

हे चेंडू बाहेर काढायला दस्तगीरभाई यायचे.

त्यांच्याबद्दल काय लिहू? पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. एरवी विहिरींचा गाळ उपसायचं काम करायचे, आणि वर्षातून दोनदा आमच्याकडे यायचे. पोहायला त्यांना जेमतेम यायचं — हे लक्षात ठेवा. ते तळ्यात चालायचे. लुंगी वर खोचायची, कमरेला जाळीची पिशवी बांधायची आणि छातीभर पाण्यात सावकाश चालत राहायचं. तळाच्या गाळात पायाने चाचपायचं, चेंडू लागला की बोटांत धरून वर घ्यायचा. काठावर आले की एकेक चेंडू दगडावर आपटून बघायचे. "हा यंदाचा. आणि हा बघा साहेब, दोन पावसाळे पाणी प्यालाय. आता कितीही जोरात मारा, लांब जायचा नाही." सभासदांना ते खरं वाटायचं नाही. मी एकदा दोन चेंडू घेऊन आमच्या कोचला मारायला लावले. पाणी प्यालेला चेंडू चांगला वीस-पंचवीस पावलं अलीकडे पडला. दस्तगीरभाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांना ते माहीतच होतं.

त्या तळ्यात कुठेही छातीच्या वर पाणी नाही, हेही त्यांना माहीत होतं. बारा वर्षं ते त्यात चालत होते.

त्या उन्हाळ्यात तळं आटलं. क्लबच्या कमिटीने गाळ काढायला मंजुरी दिली — किती खोल काढायचा तेही ठरवून दिलं. मी पोकलेन लावलं. पलीकडच्या काठाखाली गाळ संपून मऊ मुरूम लागला, आणि आठव्या होलला उंचवटा करायला मला मुरूम हवाच होता. बाहेरून आणवायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा मीटिंग. मी ऑपरेटरला म्हटलं, "काढ अजून." त्याने काढला. दोन पुरुष बुडतील एवढा लांबट खड्डा झाला. पाऊस यायच्या आत भरून घेऊ असं मी ठरवलं होतं. पाऊस लवकर आला. तळं भरलं आणि वरून सगळं पहिल्यासारखं सपाट दिसायला लागलं. कमिटीला मी लिहून दिलं — मंजुरीप्रमाणे काम पूर्ण.

दिवाळी झाल्यावर दस्तगीरभाई आले.

मी त्यांना सांगायला विसरलो. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. आणि ते थोडंसं खरंही आहे. सकाळी ते आले, आम्ही शेडमध्ये चहा घेतला, त्यांच्या भावाच्या घरावरचे पत्रे उडाले होते त्याबद्दल बोललो. खड्डा माझ्या डोक्यात आलाच नाही. ते पाण्यात उतरले आणि मी हिरवळीवर कामाला लागलो. इथपर्यंत विसरणं होतं.

पुढचं विसरणं नव्हतं.

तासाभराने कमिटीचे दोघे जण आले. सातव्या होलचा उतार कमी करता येईल का, चेंडू फार जातात पाण्यात, अशी त्यांची तक्रार होती. बोलता बोलता एकाने विचारलं, "गाळ नक्की किती काढलात?" मी म्हणालो, "मंजूर होता तेवढाच." आणि हे म्हणत असतानाच मला दस्तगीरभाई दिसले. अलीकडची बाजू संपवून ते वळले होते. कमरेची पिशवी चेंडूंनी भरत आली होती. ते पलीकडच्या काठाकडे निघाले होते.

मी पाहिलं. मला खड्डा आठवला. लख्ख आठवला.

चाळीस पावलांचं अंतर असेल. एक हाक पुरली असती — "दस्तगीरभाई, तिकडे खोल आहे!" पण शेजारी ते दोघे उभे होते. खोल कसं काय, असं त्यांनी विचारलं असतं तर? आत्ताच तर मी सांगितलं होतं. मला वाटलं, हे दोन मिनिटांत जातील. मग हाक मारू. ते सावकाश चालतात, दोन मिनिटांत कुठे पोहोचताहेत.

ते दोघे उताराबद्दल बोलत राहिले. मी मान डोलवत राहिलो. मान डोलवत मी पाण्याकडे बघत होतो — आता तुम्हीच सांगा, याला विसरणं म्हणतात का?

ओरडणं वगैरे काही झालं नाही. माणूस चालत होता आणि एकदम दिसेनासा झाला. एकदा हात वर आला. मग मी धावलो, ओरडलो, माळ्यांना दोर आणायला लावला. मलाही पोहता येत नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा त्यांनी वर काढलं. पिशवी कमरेलाच होती, गाठ पाण्याने घट्ट बसलेली. खाली मऊ गाळ आणि कमरेला ते ओझं.

पंचनाम्याला आलेले इन्स्पेक्टर शांत होते. खाली मान घालून लिहीत होते. "यांना खोलीची कल्पना दिली होती?"

"हो," मी म्हणालो. "सकाळीच सांगितलं होतं. पलीकडे जाऊ नका म्हणून."

किती सहज निघालं ते तोंडातून! जीभ अडखळली नाही. खड्ड्याचं मी पावसावर ढकललं — उतारावरून पाणी येतं, काठ खचतो. ते सगळ्यांना पटलं, कारण उतारावरून पाणी येतंच. कमिटीच्या कागदावर 'सूचना देऊनही' असे दोन शब्द लागले आणि विषय मिटला.

माझ्यापुरता मिटला. त्यांच्या घरी मिटला नाही.

दस्तगीरभाईंच्या पत्नी, शमीमभाभी. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं ना, साहेब? मग का गेले?" मी खाली बघितलं. त्यांना वाटलं, मला दुःख झालंय. त्या दिवसापासून त्या नवऱ्यावर रागावल्या. शिवणकाम करून एकटीने मुलगी वाढवली, आणि त्या मुलीने काही हट्ट केला की म्हणायच्या, "बापावर गेलीस. तोही कुणाचं ऐकायचा नाही." कुणाचं न ऐकणारा! आयुष्यात ज्याने कधी आवाज चढवला नाही, तो माणूस त्या घरात हट्टी ठरला, बेपर्वा ठरला. आणि मी भला ठरलो. दर ईदला भाभी कोथरूडला आमच्या घरी शीरखुर्मा पाठवायच्या — सांगणारा एक तरी माणूस होता म्हणून. आमच्याकडे सगळे आवडीने खायचे. मीही खायचो. वाटी पुढे करून पुन्हा मागायचो.

अठरा वर्षं झाली. मी निवृत्त झालो. यंदा शमीमभाभी गेल्या.

चार दिवसांनी कात्रजला त्यांच्या घरी गेलो. मुलगी — निलोफर — आता शाळेत शिक्षिका आहे. तिचा लहानगा मुलगा आत झोपला होता. ती म्हणाली, "काका, अम्मी शेवटपर्यंत अब्बांवर चिडलेली होती. तिच्यासमोर त्यांच्याबद्दल काही विचारताच यायचं नाही. आता विचारते. तुम्ही त्यांना पलीकडे जाऊ नका म्हणालात, तेव्हा अब्बा काय म्हणाले?"

एवढं साधं विचारलं तिने. ज्यांना घाबरायचं ते कुणी उरलं नव्हतं — ना नोकरी, ना कमिटी, ना भाभी. ते दोघे सभासदही वारले. मी तिथे खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? फार तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

मी म्हणालो, "हसले. म्हणाले, पोरीला चपला घ्यायला बाजारात न्यायचंय, लवकर आटपतो."

का म्हणालो? तिला बरं वाटावं म्हणून, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. मला त्या खोलीतून लवकर सुटायचं होतं.

तिला बरं वाटलं नाही. बारा वर्षांची होती तेव्हा. आठवायचा प्रयत्न करत होती, आणि तिला आठवलंसुद्धा — जे कधी घडलंच नव्हतं ते. "हो," ती म्हणाली. "शाळेच्या चपला तुटल्या होत्या माझ्या. मी मागे लागले असणार." मग एकदम आवाज खाली गेला. "म्हणजे माझ्यासाठी घाई केली त्यांनी? म्हणून तुमचं ऐकलं नाही?"

मी 'नाही' म्हणालो नाही.

'नशीब' असं काहीतरी पुटपुटलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाहेर येऊन कोथरूडची बस धरली.