सतरा रेघांचा ड्रम

नंदुरबारला उतरल्यावर मी पहिलं काम केलं ते शिंकायचं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर) लाल मिरची पसरलेली होती आणि सकाळचा वारा नेमका तिकडूनच येत होता. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात रुमाल. शहाद्याकडची एसटी सुटेपर्यंत चौदा शिंका झाल्या. मोजल्या, कारण मोजायची खोड आहे.

ही खोड शाळेतली. जन्मभर शाळेत बँडपथक शिकवलं, आणि आता निवृत्तीनंतर जुन्या साइड ड्रमांची वयं काढत हिंडते. कमरेशी पट्ट्याने लटकवून दोन काड्यांनी वाजवतात तो साइड ड्रम. तळाला ताणलेल्या तारांमुळे तो तडतडतो. बाईचं वय विचारू नये म्हणतात, ड्रमचं खुशाल विचारावं. म्हसावदच्या रशीदचाचांनी फोनवर सांगितलं होतं की ड्रम त्यांच्या वडिलांचा आहे, इंग्रजांच्या पलटणीतून आलेला, तर येऊन त्याचं खरं वय सांगा. एवढं ऐकल्यावर मी पुण्यात थांबणं शक्यच नव्हतं.

एसटीत शेजारी एक गुजर बाई बसल्या होत्या, तापीकाठच्या. पायाशी केळीचा घड.

"कोठे जाई ऱ्हायनात ताई?"

"म्हसावदला. एका जुन्या ड्रमचं वय काढायचंय."

त्या म्हणाल्या, "मन्ही सासूनं वय आजपावत कोनले समजनं नही. ड्रमनं कसं समजस तुमले?"

मी त्यांना आट्यांचं, म्हणजे बोल्टवरच्या पेचाच्या वळ्यांचं, गणित समजावून सांगितलं. जुन्या विलायती ड्रमचे बोल्ट इंची मापाचे असतात. आपल्याकडे मिलिमीटरचं माप आलं ते स्वातंत्र्यानंतर. बोल्टच्या आट्यांना मापाची पट्टी लावली की ड्रम आपली जन्मवेळ कबूल करतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला दोन केळी दिली. प्रकाशा गावच्या पुलावर त्यांनी तापीला हात जोडले, म्हणून मीही जोडले. पाणी संथ होतं आणि दोन्ही काठांना ऊस उभा होता. शहाद्यात गाडी बदलली आणि उत्तरेला सातपुडा दिसायला लागला.

चाचांचं घर ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. अंगणात दोरीवर सोनेरी कडांचे लाल कोट वाळत होते. मुलं बँड घेऊन लग्नाला गेली होती; घरी चाचा आणि चाची दोघंच. चाचा पासष्टीचे, सडपातळ, आणि बसल्याबसल्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरणारे. ड्रम भिंतीवर खुंटीला टांगलेला होता. मी बॅग ठेवायच्या आत तिकडे निघाले.

"पह्यले जेवी ल्या," चाचा म्हणाले. "ड्रम काय पळी जावाव नही."

चाचींनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं. भरीत इतकं झणझणीत होतं की सकाळच्या पथाऱ्या आठवल्या. मी जेवत होते, पण डोळे खुंटीवर. पितळी घेर, आणि प्रत्येक बोल्टखाली वॉशर म्हणून बसवलेला मधे भोक असलेला जुना पैसा. हा पैसा इंग्रज जायच्या सुमाराचा. माझा घास हातातच राहिला.

"चाचा, हा नक्की इंग्रजांच्या वेळचा," मी उष्ट्या हाताने जाहीर करून टाकलं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

चाचा खूश होतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "नीट दखा, ताई."

हात धुऊन मी नीट पाहिलं. एक बोल्ट काढला, आट्यांना पट्टी लावली. इंची पट्टी बसेना. दुसरा काढला, तिसरा काढला. आठही बोल्ट मिलिमीटरचे. घेराचा सांधा मेरठच्या कारागिरांच्या पद्धतीचा, आणि पितळ पलटणीच्या ड्रमपेक्षा पातळ. राहिले ते पैसे. तर पैसे काय, पाना हातात असलेला कुणीही कधीही घालू शकतो. वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या वस्तूबद्दल हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण खोटं सांगायला मी इतक्या लांब आले नव्हते.

"चाचा, माझं चुकलं. हा तेवढा जुना नाही. मेरठचा आहे, बराच नंतरचा. आणि हे पैसे कुणीतरी मुद्दाम घातलेत."

चाचा रागावले नाहीत. दाराकडे पाहत म्हणाले, "माले ठाऊक शे. मीच तो सुरतथीन लयेल शे."

चाची भांडी घेऊन आत जात होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनाही हे नवीन होतं.

मग चाचांनी सगळं सांगितलं. ते एकोणीस वर्षांचे असताना अब्बा आजारी पडले आणि पहिल्यांदाच चाचा अब्बांचा ड्रम घेऊन बँडबरोबर नवापूरकडच्या लग्नाला गेले. परतताना ड्रम ट्रकच्या टपावर बांधला. विसरवाडीला चहाला उतरले तर दोर लोंबकळत होता आणि ड्रम नव्हता. दोन दिवस हमरस्त्याच्या कडेने शोधला. मग तसेच सुरतेला गेले, तसाच दिसणारा नवा ड्रम आणला, त्याला चिंच, राख, काजळी फासून म्हातारा केला. अब्बांच्या ड्रमला भोकाचे पैसे होते, म्हणून आत्याच्या डब्यातले पैसे मागून घातले. अब्बा उठून हिंडायला लागले तेव्हा त्यांनी ड्रम घेतला, एक टिपरू मारलं आणि थांबले.

"काय म्हणाले?"

"'चामडं ढीलं शे.' तेवढंच. आनि बोल्ट कसाले म्हनीसन ड्रम आत लई ग्यात. नंतर एक सबद बी नही बोलनात." चाचांची बोटं गुडघ्यावर थांबली होती. "तुमनासारखा जानकारले समजनं. मंग अब्बाले समजनं व्हई का? पंचेचाळीस वरीसफाईन मी सोताले तेच इचारी ऱ्हायनू."

म्हणजे मला बोलावलं होतं ते ड्रमचं वय काढायला नव्हतंच.

"उघडून पाहू या?" मी विचारलं.

"हाऊ ड्रम अब्बा दुसराले उघाडू देतच नव्हतात. अब्बानंतर कोनी उघाडं नही. मन्हा हात नही चालना." जरा वेळाने त्यांनीच ड्रम माझ्याकडे सरकवला.

एकेक करून आठही बोल्ट काढले, कडं उचललं. चामडं पत्र्यासारखं कडक झालं होतं, ते हळूच सोडवलं आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. पितळेवर आतून खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या.

चाचा म्हणाले की अब्बांना लिहिता येत नव्हतं. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी, लगीनसराई सुरू व्हायच्या तोंडावर, ते चामडं बदलायचे आणि आत एक रेघ ओढायचे. एक रेघ, एक हंगाम. जुन्या ड्रममध्येही होत्या. लहानपणापासून चाचा त्या दरवर्षी बोट लावून मोजायचे.

मी पुन्हा वाकले. शेवटाकडच्या रेघा एकमेकींसारख्या नव्हत्या: कुठली खोल, कुठली तिरकी, शेवटच्या तर थरथरलेल्या. पण सुरुवातीच्या सगळ्या सारख्याच होत्या, एकाच खिळ्याच्या, एका बैठकीत ओढलेल्या, आणि त्यांच्यानंतर बोटभर जागा मोकळी. मी त्या मोजल्या आणि बॅटरी चाचांच्या हातात दिली. त्यांनी बोट आत घातलं. ओठ हलत होते.

"सतरा," ते म्हणाले. "त्या ड्रमवर सतराच व्हत्यात."

नव्या ड्रमवर सतरा हंगाम आपोआप येत नाहीत. अब्बांनी तो आत नेला, उघडला, आणि पोराने हरवलेले आपले सगळे हंगाम तिथे बसून परत ओढले. मग पुढच्या वर्षी पुढची रेघ. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. चाची केव्हाच पदराने डोळे पुसत होत्या.

संध्याकाळच्या गाडीआधी मी ड्रम पुन्हा बांधला. भोकाचे पैसे होते तिथेच घातले. पिशवीत नवं चामडं होतं ते चढवलं, शाळेत कसायचे तसं एकेक बोल्ट समोरासमोरचा घेत कसलं, आणि एक टिपरू मारलं. आवाज कडक आला. कसण्यात मी चुकत नाही.

चाचा उठले. "चामडं ढीलं शे," म्हणाले आणि ड्रम घेऊन आतल्या खोलीत गेले. मी त्यांची चूक काढली नाही. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, मग चाचींनीच मला थांब्यापर्यंत सोडलं.

परतीच्या एसटीत, प्रकाशाच्या पुलाआधीच, मी वही काढली. प्रत्येक ड्रमची नोंद करते: बनावट, आटे, पितळ, मालक. मालकाच्या जागी रशीदचाचांचं नाव लिहिलं होतं, ते खोडून अब्बांचं लिहिलं. वयाच्या रकान्यापाशी मात्र अडले. ज्या सतरा हंगामांच्या रेघा त्यावर आहेत, तेव्हा हा ड्रम जन्मलाच नव्हता. आटे तसं स्पष्ट सांगतात आणि आटे खोटं बोलत नाहीत. पुलावर आल्यावर सकाळच्या बाईंसारखे हात जोडले. मग पेन्सिल उचलली आणि वय लिहिलं, सतरा मिळवून.