देवराईतली शाळा

मुळशीच्या धरणापल्याड डोंगरातल्या एका गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. शाळा भरायची मारुतीच्या देवळाच्या पडवीत. निम्म्या पडवीत गावाची भाताची पोती रचलेली असत, उरलेल्या जागेत चारी इयत्तांची पोरं मांडीला मांडी लावून बसत. म्हणून मी त्यांना गावाबाहेरच्या देवराईत घेऊन जाऊ लागलो.

त्या राईतली वाळली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. आत भर दुपारी सावली असायची. गारंबीच्या हातभर लांब शेंगांतल्या बिया मांडून आम्ही बेरजा करायचो, ऐन आणि हिरड्याच्या पानांवर बोटं फिरवून शिरा बघायचो. वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारायचं, की धडा आपोआप थांबायचा. पडवीत तोंड न उघडणारी धनगरवाड्यावरची एक मुलगी तिथे मात्र सारखी बोलायची.

तरी शाळेला इमारत हवी, हे मी गावचे पाटील भेटतील तेव्हा त्यांना सांगत होतो. पावसाळ्यात पोरांना न्यायचं कुठे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर गावात परतलो आणि दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन राईकडे निघालो. चढ संपला आणि मी जागीच थबकलो. समोर नुसता उजेड होता. त्या जागी इतकं ऊन मी कधी पाहिलंच नव्हतं. देवाच्या तांदळ्याभोवतीची, त्या शेंदूर फासलेल्या दगडाजवळची चार-दोन झाडं उभी होती, बाकी सगळी आडवी. ओल्या लाकडाचा वास नाकात भरला. शेकराचं घरटं फुटून काटक्या इतस्ततः पसरल्या होत्या.

कुऱ्हाडी चालवणारे परके नव्हते. माझ्याच पोरांचे बाप होते ते. एकाने घाम पुसत मला रामराम केला. धनगरवाड्यावरची ती मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, आता कुटं बसायचं?"

मी तसाच पाटलांच्या घरी गेलो. देवाचं रान तोडायला तुमचा हात धजला कसा, असं मी विचारलं. त्यांनी मला शांतपणे बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"देवाला इचारूनच हात लावला, गुरुजी. कौल दिला त्यानं," ते म्हणाले. "शाळंला वासं लागत्यात, तुळया लागत्यात. तुमीच म्हनत हुता न्हवं, पोरं उघड्यावर बसत्यात म्हनून?"

तांब्या माझ्या हातातच राहिला. राग कुणावर करायचा, तेच कळेना. बिचाऱ्यांनी पदरमोड करून, शेतातली कामं टाकून, देवाची भीती बाजूला सारून माझं म्हणणं ऐकलं होतं.

पावसाळ्याआधी शाळा उभी राहिली. भक्कम, कौलारू, दोन खिडक्यांची. नारळ माझ्या हातून फोडून घेतला, आणि बायकांनी पोरांना न्हाऊमाखू घालून पाठवलं. पाऊस सुरू झाला तेव्हा आत एक थेंब गळला नाही.

मी तिथे आणखी काही वर्षं होतो. पोरं शिकली, पहिल्यांदाच चौथी पास झालेल्या मुली त्या गावाने पाहिल्या. पण धनगरवाड्यावरची ती मुलगी पुन्हा गप्प झाली होती. वर्षभराने तिचं लग्न ठरलं आणि ती शाळेत यायची थांबली.