नंदा ‘येते’ म्हणाली

मल्लिनाथ शाळेत आला तेव्हा मी चौथीचा वर्ग घेत होते. तो नंदाचा धाकटा दीर, दिवसाउजेडी कधी किराणा दुकान न सोडणारा माणूस. फाटकाशी त्याला पाहिलं तशी मी खडू ठेवून बाहेर आले. “वैनी गेल्या की ओ, बाई,” एवढंच म्हणाला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला... नंदाला कावीळ झालीय हे मला माहीत होतं, पण ती त्यातून उठणार नाही असं मनातही आलं नव्हतं. त्याला आता महिना होत आला. मधे शाळेत शोकसभा झाली. एका पाहुण्यांनी हात उंचावून सांगितलं, “संकटांनी महानंदाताईंना घडवलं!” सगळ्यांनी माना डोलावल्या. शोकसभेत भांडायचं नसतं, म्हणून इथे लिहिते.

नंदा आणि मी अध्यापिका विद्यालयात एका बाकावर बसायचो. त्याआधीच, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, तिचा नवरा गेला होता. पुढे सासरच्यांनीच तिला शिकवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण घर असं, की बाहेर पडायचं तर दुकानातूनच; मागे दुसरं दार नव्हतं. मिरचीची पोती, तेलाचे डबे, गिऱ्हाइकं, आणि गल्ल्यावर मल्लिनाथ. “कुटं, वैनी?” त्यात वावगं काही नसायचं, माणूस सरळ. पण वाचनालयात निघाली तरी “कुटं, वैनी?” आणि माझ्याकडे निघाली तरी “कुटं, वैनी?” आत डोळे गेलेली सासू. सगळं घर तिला अव्वा म्हणायचं. नंदा जरा उठली की अव्वा कानडीत विचारायची, कोण उठलं म्हणून. “मला कुणी कोंडलेलं न्हाय गं विमल,” नंदा म्हणायची, “नुसतं विचारतात.”

ती गोष्टी लिहायची, भाकऱ्या झाल्यावर, चुलीपाशीच बसून. मासिकवाल्यांना तिच्या गोष्टी आवडत, कारण त्यांतल्या बायका दुःखातून तावूनसुलाखून निघत. मी एकदा म्हटलं, सोनं तापल्याशिवाय उजळत नाही, ते हेच. तर फिसकन हसली. “बायका म्हंजे काय सोनं हायत? भाकरी म्हण. तव्यावर लई वेळ ऱ्हायली की करपती. गोष्टीत मी वेळेवर उचलती, एवढंच.”

मग तिने ती गोष्ट लिहिली. एक विधवा ट्रंक घेऊन सासरच्या उंबऱ्यावर उभी आहे, वळते आणि म्हणते, “जाते.” तिथेच गोष्ट संपते. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही, ते अशुभ. वैऱ्याच्या घरातून निघालो तरी आपण ‘येते’च म्हणतो. म्हणून तर तो शब्द तिने लिहिला होता. पण दिवाळी अंक हातात आला तेव्हा शेवटी छापलं होतं, “येते.” संपादकांनी की छापखान्यातल्या जुळाऱ्याने कुणास ठाऊक, चूक समजून सुधारलं होतं! लोकांनी डोक्यावर घेतली गोष्ट. काय संस्कार, निघतानाही परतायचं वचन देते! मल्लिनाथने अंक दुकानात दर्शनी टांगला. नंदा माझ्या खाटेवर बसून हसत सुटली, हसता हसता रडायला लागली.

पुढच्याच वर्षी तिला अकलूजच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. राहायला स्वतंत्र खोली, आणि तिला थेट रस्त्यावर उघडणारं दार. त्या दाराचं तिला कोण अप्रूप! निघायच्या सकाळी मी टांगा घेऊन गेले. मल्लिनाथने स्वतः ट्रंक उचलून ठेवली. अव्वा चाचपडत दुकानापर्यंत आली, पोत्याला धरून उभी राहिली. नंदाने पाया पडून तिच्याकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मी टांग्यातून ऐकत होते.

“येते, अव्वा.”

टांग्यात बसल्यावर कपाळाला हात लावून म्हणाली, “तोंडाला सवयच तेवढीच गं.”

अव्वाने ते शब्दशः खरं धरलं. दिवसभर दुकानात पोत्यावर बसून राहायची. कुणी आत चला म्हटलं की, “ती येते म्हणाली की.” मग जेवण सोडलं. ढोंग नव्हतं ते, खरंच घास उतरेना. मल्लिनाथ अकलूजला गेला, “वैनी, निस्तं तोंड दाखवून जावा.” नंदा एस्टीने आली ती आलीच. अव्वाने धरलेला हात सोडला नाही, आणि ओढून सोडवून घेणं नंदाला जमलं नाही. कुणाला दोष देऊ? सगळीच माणसं चांगली होती, तेच तर वाईट झालं.

त्यानंतरची नंदा शोकसभेतल्या पाहुण्यांना ठाऊक नसावी. लिहिणं सुटलं. तोंड कडू झालं. अकलूज सोडून ती आमच्याच शाळेत लागली होती; वर्गात मुलींवर करवादायची, माझ्याशी सहा-सहा महिने अबोला. अव्वाचं सगळं करायची, पण ताट आदळून पुढे ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळात मी तिला एकदा रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापताना पाहिलं. इतकी रागाने थापत होती, की मला तिथे बसवेना. संकटाने तिला घडवलं नाही हो. होती ती चांगली लेखिका आणि हसरी बाई, ती संकटाने खाल्ली. आणि तशा करपलेल्या नंदावरही माझा जीव होता, हे तिला कधी सांगायला मिळालं नाही.

मागच्या रविवारी अव्वाला भेटायला गेले. दुकानातून आत शिरताना मल्लिनाथ काही विचारेल असं वाटलं. त्याने नुसतं बाजूला सरकून वाट दिली. अव्वा अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली, नंदाची नाहीत हे तिला कळलं. मग मी उठले, आणि दारापाशी तोंडातून निघून गेलं,

“येते, अव्वा.”

आतून लगेच आवाज आला, “कवा?”