प्रयोगशाळेतला दह्याचा डबा

निरोप आला तेव्हा मी अंबडच्या बसस्थानकावर, शाळेच्या गावाला जाणाऱ्या एसटीची वाट पाहत उभा होतो. फोनवर भानुदासमामांचा मुलगा होता. "सर, बाबा गेले… पहाटं," एवढंच तो बोलला आणि मीही "बरं" एवढंच म्हणालो. बरं! पंचवीस वर्षं वर्गात तोंडाची टकळी चालवणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सापडू नये? तेवढ्यात गाडी लागली आणि मी सवयीनं चढून बसलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाटलं ते हलकं. आता संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्याच्या फेऱ्या नाहीत, रिपोर्टांच्या पिशव्या नाहीत, त्यांच्यासमोर हसरं तोंड करून बसणं नाही. गावाची वेस आली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आज दोन महिने झाले, पण तो थकवा काही अंगातून उतरत नाही.

भानुदासमामा आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचे परिचर होते. आमच्याकडे शाळेतल्या शिपायांना, परिचरांना पोरं मामाच म्हणतात. पोरांचं ऐकून आम्ही मास्तरही म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना, सगळ्या शाळेची मामी होऊन बसावं लागलं. मामा दहावी नापास होते, पण विज्ञानाचा प्रयोग माझा फसायचा, त्यांचा नाही. परीक्षानळी किती तापवली की तडकते हे त्यांना हातानं कळायचं. वर्षातला त्यांचा मोठा दिवस म्हणजे दह्यातले जंतू दाखवायचा तास. त्या दिवशी ते घरून झाकणाचा स्टीलचा डबा भरून दही आणत. मामीच्या हातचं, घरच्या म्हशीचं, उलटं केलं तरी सांडणार नाही असं. काचपट्टीवर दह्याचा एक थेंब पाण्यात पसरायचा, वाळवायचा, वर निळा रंग घालायचा, धुवायचा आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. पोरांच्या आधी मामा स्वतः डोळा लावत. निळ्या बारक्या काड्या दिसल्या की मान वर करून म्हणत, "हायत सर. बिलकुल सगळे हजर हायत." तास संपला की उरलेल्या दह्यात मीठ घालून आम्ही दोघं एकाच डब्यात खायचो.

त्या एका डब्याचं मोल माझ्या आईला विचारावं. लहानपणी ती गावात ताक मागायला जाई तेव्हा तिच्या भांड्यात ते उंचावरून ओतलं जाई, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. शहाण्या वयात तिनं कुणाच्या दारी विरजण मागितलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मामी कशासाठी तरी अंबडला आल्या, आमच्या घरी चहाला थांबल्या आणि आमचं पाणचट दही पाहून हसल्या. पुढच्या आठवड्यात मामांच्या हाती त्यांनी वाटीभर विरजण धाडलं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात तेच लागतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. वर्तमानपत्राच्या एका रविवारच्या पुरवणीत दही-ताकावर लेख आला होता. आंबवलेल्या दुधाच्या पदार्थांतले जंतू आतड्याला उपकारक असतात, आणि असे पदार्थ नियमानं खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर कदाचित कमी होत असावा, पण खात्रीनं सांगता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. ऑफ तासाला मी तो मामांना वाचून दाखवला. वाचताना ते 'कदाचित' गाळलं, 'खात्रीनं सांगता येत नाही' हेही गाळलं. मास्तर माणूस, समोर ऐकणारा मिळाला की मला चेवच येतो. म्हणालो, "मामा, तुमचे जंतू कॅन्सरला आत पाऊल टाकू देत नाहीत!" मामांचा चेहरा असा फुलला, जणू बक्षीस मिळालं. "म्हंजे आपले जंतू राखण करून राह्यले म्हणा की!" त्यांनी लेख कापून घेतला आणि रसायनांच्या कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवला.

नंतरच्या दिवाळीची सुटी संपली तेव्हाची गोष्ट. मी पेपर तपासत होतो. मामा दारात घुटमळले, आत आले, हळू आवाजात म्हणाले, "सर, एक इचारू का? सकाळी संडासला गेल्तो तर… लाल पडून राह्यलं."

"किती दिवस?"

"झाले आठ-पंधरा."

मी पेपरवरून मान पुरती वर केली नाही. म्हणालो, "मूळव्याध असेल मामा, नाहीतर उष्णता. तिखट कमी करा. ताक वाढवा."

"तेबी बराबर हाय. आन् आपले जंतू हायतच की राखणीला," ते म्हणाले आणि पाणी भरायला गेले. ताकाच्या एका पेल्याचे तीन पेले झाले. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं एक नवीन भोक पाडलं, मग दुसरं. मी पाहिलं आणि "बारीक झालात की!" असं कौतुक केलं. होळीच्या सुमाराला वरच्या फळीवरची बाटली काढताना त्यांना घेरी आली आणि ते ओट्याला धरून खाली बसले, तेव्हा कुठं मी त्यांना जालन्याला नेलं. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची ठरली तर हे गृहस्थ मलाच हसवतायत, "जलमभर दुसऱ्यायला दुर्बिणीत पाह्यलं, आता माह्यावरच दुर्बीण लावून राह्यले."

निदान झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आली, मग औषधांच्या सलाईनी. मी एकदा डॉक्टरांना बाजूला घेऊन त्या लेखाचं विचारलं. ते तरुण होते, दमलेले होते, पण शांतपणे बोलले. "लेख खोटा नसेल सर. पण धोका थोडा कमी असू शकतो म्हणणं वेगळं आणि आजार होणारच नाही म्हणणं वेगळं. आणि रक्त दिसल्यावर ताक हा काही इलाज नव्हे. आधी आले असते तर…"

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. औषधांनी पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी घरचं दही काही दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं. "सगळं सोसलं सर," मामा म्हणाले, "पण दही बंद केलं ह्ये जिव्हारी लागलं." मग छताकडं पाहत म्हणाले, "डबा शाळंतच राह्यला बगा. कपाटात." मी आणून देतो म्हणालो. माझ्याच्यानं ते झालं नाही.

तेराव्याला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता. एवढा ताक पिणारा माणूस, सुपारीचं खांड तोंडात नाही, आणि त्याला आतड्याचा कॅन्सर? लोकांना कारण लागतं. ते नाही मिळालं तर समोर दिसेल त्याला धरतात. जेवणं उठल्यावर मामी मला पडवीत भेटल्या. त्यांनी विचारलं ते मला सुचलंच नसतं.

"सर, तुमी शिकलेले. खरं सांगा. बाया म्हणून राह्यल्या, रोजच्या आंबट दह्यानंच आतडं सडलं. म्या लावलेलं दही… त्यानंच तर न्हाई ना झालं? म्या विरजणबी फेकून देलं."

हसू का रडू कळेना. मी पुरवणी वाचून राखणदार ठरवलेले जंतू इथं खुनी ठरले होते. "नाही मामी, बिलकुल नाही," मी म्हणालो. आणि मग, न बोलून चालण्यासारखं नव्हतं म्हणून, उरलेलं सगळं सांगितलं. लेख, गाळलेले शब्द, मामा विचारायला आले होते ते, मी पेपरवरून मान वर केली नव्हती ते. चार महिने माझ्यामुळं गेले हे सांगितलं. मामी ऐकत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या. चहा आला तो सुनेच्या हातून. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर महिनाभर मी त्या आळीनं गेलो नाही. कपाट उघडलं की दाराला तो लेख आणि खालच्या फळीवर तो डबा. डबा परत करायलाच हवा होता, आणि आपल्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. साखर घालून देऊ म्हणून मी तो घरी आणला. पण एका सकाळी आईनं माझ्या हातून तो डबा घेतला, घासला आणि घरच्या दह्यानं भरला. "त्यांचंच हाय," ती म्हणाली, "त्यांच्याकडंच जाऊ दे." मामींच्या दारात मी तो ठेवला, आईचा निरोप सांगितला आणि निघून आलो.

गेल्या आठवड्यात दह्याच्या जंतूंचा तास होता. मी घरून वाटीत दही नेलं होतं. तास सुरू व्हायच्या आधी दारात मामी उभ्या. डोक्यावर पदर, हातात तोच डबा, भरलेला. तासाचं त्यांना पोरांकडून कळलं असावं. इतक्या वर्षांत त्या प्रयोगशाळेत कधी आल्या नव्हत्या. मी माझी वाटी बाजूला सारली. काचपट्टी त्यांच्या दह्याची केली आणि पोरांच्या आधी त्यांना पाहायला सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. पोरं हसली, मीही त्यांना गप्प केलं नाही. मामी फार वेळ वाकून पाहत राहिल्या.

"ह्ये एवढुसेच? ह्यायलाच ते राखणदार म्हणायचे?"

"हेच."

"ह्यायचा काई कसूर न्हाई मंग."

"नाही मामी. बिलकुल नाही."

त्यांनी डोळा काढला, पदरानं पुसला. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "सर, म्या धुणं धुवत व्हते. मलाबी डाग दिसलते. म्याबी मूळव्याधच म्हणले."

मला त्यांच्याकडं पाहवेना. मी पोरांकडं वळलो आणि आजवर या तासाला कधी न सांगितलेलं सांगितलं. दही चांगलं, ताक चांगलं, पण घरात कुणाच्या संडासात रक्त दिसलं तर ताक वाढवायचं नाही, लाजायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा. 'संडास' म्हटल्यावर मागच्या बाकावर खसखस पिकली. पिकू दिली. तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा कुणी हसलं नाही.

घंटा झाली, पोरं गेली. मामींनी ओट्यावरचं मीठ हुडकून डब्यात टाकलं, चमचा माझ्यापुढं सरकवला आणि मामा बसायचे त्या लोखंडी स्टुलावर बसल्या. "खा," म्हणाल्या. मी खाल्लं. मग त्यांनीही त्याच डब्यातून दोन घास घेतले. निघताना डबा त्यांनी स्वतःच धुतला, कपाट उघडलं आणि खालच्या फळीवर, होता त्याच जागी ठेवला.