झेल धरायला कुणीतरी

पुण्यातल्या एका कंपनीने लोककलांची नोंद करायला सहा पोरं उन्हाळ्यापुरती पगारावर घेतली, त्यांत बारामतीच्या कॉलेजातली प्रतिक्षा होती. कला आणि संस्कृती सल्लागार, अशी कंपनीची पाटी. सल्ला कुणाला देतात म्हणाल, तर ज्यांनी गावाकडे रिसॉर्ट काढलंय आणि संध्याकाळी पाहुण्यांना काय दाखवावं हे ज्यांना सुचत नाही, त्यांना. प्रतिक्षाच्या वाट्याला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आले.

तिचं घर लासुर्ण्यात, पण त्याला कुलूप. आजोबा गेले, उरलीसुरली मेंढरं विकली, वडील चाकणला कामाला लागले आणि आईही तिकडेच गेली. ही बारामतीत एका खोलीत राहिली. मे महिन्यात शेजारच्या खोल्यांतल्या मुली गावी पांगल्या, आणि जिन्यावर चपला वाजल्या तर त्या हिच्याच. दोन दोन दिवस कुणाशी बोलणं होत नसे. दुकानात दूध मागायला तोंड उघडलं की आवाज परक्यासारखा निघायचा. एकटेपणाने पोरगी आतून किडत चालली होती, हे सरळच सांगायला हवं.

दर शनिवारी कंपनीची मीटिंग फोनवर, व्हिडिओ कॉलने. बाकीचे पाच जण पुण्याचे, एकमेकांना चिडवायचे, हसायचे. ही नुसती चौकटीत बसून मान हलवायची. सहांतल्या एकाला कायमची नोकरी मिळणार होती. प्रतिक्षाला ती हवीच होती. पगारासाठी म्हणाल तर तेही होतं, पण खरं म्हणजे तिला दुपारचा डबा चार माणसांत उघडायचा होता.

सणसरला म्हस्कूआबा धनगरी ओव्या म्हणतात असं कळलं, म्हणून ती गेली. सत्तरी ओलांडलेला म्हातारा लिंबाखाली घोंगडं टाकून बसला होता, तेही बरोबर अर्ध्या घोंगड्यावर. उरलेलं अर्धं मोकळं.

"म्हनतो की," आबा म्हणाला, "पर झेल कोन धरनार?"

ओवी एकट्याने म्हणायची नसतेच. एकाने ओळ सोडायची आणि समोरच्याने तिचं शेपूट उचलून परत म्हणायचं, तो झेल. तेवढ्यात पहिला दम घेतो, पुढचं आठवतो. म्हस्कूआबाचा झेल चाळीस वर्षं कुंडलिकने धरला. मागच्या दिवाळीत कुंडलिक गेला, आणि तेव्हापासून आबाची ओवी घशातच राहिली.

"आबा, एकटेच म्हना. कंपनीला चालतंय."

"कंपनीला चालत आसंल. बिरोबाला न्हाय चालत."

तरी पोरगी लांबून आली म्हणून त्याने कानावर हात ठेवला. "मेंढरं उतरली गं नीरंच्या काठाला..." ओळ संपली. आबा थांबला आणि मोकळ्या घोंगड्याकडे बघत राहिला. ते बघवेना, म्हणून प्रतिक्षाच्या तोंडून झेल निघून गेला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून धरायची, तसाच. पुढे पोरीच्या जातीने हे करू नये म्हणून घरच्यांनी बंद केलं होतं.

आबाने तिच्याकडे पाहिलं नाही की शाबासकी दिली नाही. डोळे मिटून पुढची ओळ सोडली. मग तासभर दोघं थांबलीच नाहीत. निघताना तिने त्याचा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला.

कंपनीतल्या पुण्याच्या मॅडम रेकॉर्डिंगवर बेहद्द खूश झाल्या. "सहांत सगळ्यात सरस. फक्त तुझा आवाज तेवढा काढ. नोंद घेणाऱ्याचा आवाज चालत नाही, नियम आहे."

प्रतिक्षाने कानाला हेडफोन लावून दिवसभर बसून स्वतःला त्या ओवीतून काढून टाकलं. हात कचरला, पण नोकरी डोळ्यांपुढे होती. फॉर्मवर 'कलाकारांची संख्या' या रकान्यात तिने 'एक' लिहिलं.

कलाकाराला ऐकवून सही घ्यायची, असाही नियम होता. ती सणसरला परत गेली आणि फोन आबाच्या हातात दिला. पहिली ओळ झाली, मग नुसती शांतता. आबाने मान कलती करून वाट पाहिली. दुसऱ्या ओळीनंतरही पाहिली. तिसऱ्यांदा त्याने फोन घोंगड्यावर पालथा घातला.

"पोरी, ह्यात तर मी एकलाच हाय. तू व्हतीस की तितं."

प्रतिक्षाला तोंड वर करवेना. आबाने मात्र कागद ओढून गुपचूप सही केली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एसटीची वाट बघत तिने फोनवर फॉर्म पुन्हा उघडला. 'एक' खोडून 'दोन' केलं, खाली लिहिलं, 'झेलकरी: प्रतिक्षा', आणि मूळचं, न कापलेलं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. आपण काय सोडतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

झालंही तसंच. नियमात बसत नाही म्हणून नोंद बाद झाली. शनिवारी मॅडमनी नोकरीसाठी दुसऱ्याच मुलाचं नाव घेतलं. चौकटीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिनेही वाजवल्या. मग एकेक चौकट मिटत गेली आणि पडद्यावर हिचंच तोंड उरलं.

कुणाला सांगावं? आईला सांगितलं तर ती म्हणणार, ये निघून चाकणला. मैत्रिणी लग्नसराईत. खिडकीपाशी बसून ती पोटभर रडली, कुणी ऐकेल म्हणून आवाज दाबायचंही कारण नव्हतं. शेवटी तिने सणसरला फोन लावला.

"कोन?"

"आबा, मी." तिने नाक ओढलं. "झेलवाली."

पलीकडे कुत्रं भुंकलं, कुणी भांडं ठेवलं. आबाने काय झालं, का रडतेस, काहीच विचारलं नाही. घसा साफ केला आणि ओळ सोडली, "मेंढरं उतरली गं नीरंच्या काठाला..."

आणि तो थांबला.

प्रतिक्षाने ओढणीने नाक पुसलं आणि झेल धरला.